उलट्या लवेची बाही

कारखान्यात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. कापड बेतायचं आणि कापायचं काम तिचं. तीस वर्षं एकाच टेबलापाशी उभी राहिलेली बाई, तिची कात्री चुकली असं म्हणायची कुणाच्या बापाची छाती नव्हती! एकच खोड होती. देव देव करणारा माणूस दिसला की तिचं डोकं फिरे.

त्याला कारणही होतं म्हणा. नवरा गेला तेव्हा दिरानेच तिला घराबाहेर काढलं. दिवसातून तीनदा प्रार्थना करणारा, मुंगीवरही पाय न देणारा दीर! कुलूप बदललं तेही प्रार्थना आटोपूनच. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. देव कुठलाही असो, त्याचे भक्त तिच्या लेखी सगळे एकाच माळेचे मणी.

आणि नेमका नवा इस्त्रीवाला निघाला भाविक. दुपारी सगळे डबे उघडत तेव्हा हा कापडाचे तागे ठेवायच्या खोलीत जाई आणि आतून कडी लावी. पंधरा मिनिटं. मास्तरीणबाईचा घास घशाखाली उतरत नसे. कडी कशाला हवी? एकदा तर तिने दाराच्या फटीला डोळा लावला. तो भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होता, दुसरं काही नाही. तरी ती बाहेर येऊन म्हणालीच, "आज नाही सापडलं, उद्या सापडेल."

सापडलं ते बॅण्डवाल्यांच्या कोटांत. बारा कोट, गर्द निळ्या मखमलीचे. इस्त्री होऊन ओळीने टांगले आणि मालकाने कपाळाला हात लावला. सहा कोटांची डावी बाही काळपट दिसत होती.

"इस्त्री दाबलीये," मास्तरीणबाई म्हणाली. "मखमलीची लव मेली. लक्ष सगळं वर, हात चालणार कसा?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. जवळ जाऊनसुद्धा पाहिलं नाही तिने.

इस्त्रीवाला खाली मान घालून उभा राहिला. "मी दाबलेली नाही," एवढंच बोलला. मालक म्हणाला, "बाईंचा शब्द म्हणजे शब्द. उद्यापासून येऊ नका." तो गुपचूप आपली पिशवी भरू लागला. घरी चार तोंडं खाणारी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरीणबाईलाही.

नव्या बाह्या लावायच्या म्हणून ती एक बाही उसवायला बसली. तळवा मखमलीवरून सहज फिरला आणि थांबला. इस्त्रीने मेलेली लव हाताला चपटी, निर्जीव लागते. ही तर चांगली ताठ होती. फक्त बाकी कोटाच्या उलट, खालून वर जात होती.

तिने दुसरी बाही पाहिली. तिसरी पाहिली. सहाही तशाच.

मग आठवलं. दुसऱ्या खेपेचे सहा कोट कापताना कापड अपुरं पडत होतं, म्हणून डाव्या बाहीच्या नमुन्याचा कागद तिने उलटा फिरवून बसवला होता. मखमलीत सगळे तुकडे एकाच दिशेने बेतायचे, नाहीतर रंग वेगळा दिसतो, हे शिकाऊ पोरींना रोज ओरडून सांगणारी हीच! गप्प बसली असती तर कुणाला कळलं असतं? बाह्या चिंध्यांत गेल्या असत्या आणि तो माणूस दाराबाहेर. अगदी दिरासारखं, तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःची किळस आली.

ती बाही घेऊन तरातरा मालकाकडे गेली. "चूक माझी आहे. कागद उलटा लावला मी. त्यांना थांबवा."

इस्त्रीवाला अर्धा जिना उतरला होता. ती स्वतः धावत गेली. "दादा, थांबा. माझं चुकलं. नुसती कात्री नाही, तुमच्याबद्दलही."

तो वळला. खूश वगैरे काही दिसला नाही. "बाई, मखमल उलटी आहे हे मला सकाळी पहिल्याच कोटाला कळलं होतं."

"काय? मग तोंड का शिवलं होतं तुमचं?"

"वाटलं, ही बाई देव मानत नाही. हिला कसली भीती? कबूल तर करणार नाहीच, वर माझ्यावरच ढकलेल."

मास्तरीणबाईचा पारा चढला. तीस वर्षं इमानाने राबले मी, आणि हा दोन महिन्यांचा माणूस मला खोटारडी समजतो! कधी बोलला नाही, विचारलं नाही, नुसता अंदाज! शिव्या ओठांवर आल्या, आणि तिथेच अडकल्या.

"ढकललंच की मी," ती हळू म्हणाली.

"हो. पण परतही आलात," तो म्हणाला. "तेवढं मात्र मी गृहीत धरलं नव्हतं."

त्याने पिशवी खांद्यावरून काढली आणि दोघं वर आले. सहा बाह्या उसवायच्या होत्या.