पोत्यांचा वास

२० ऑक्टोबर २०२४, रविवार. रुपये ६,८४०. ही जपानी साकेच्या एका बाटलीची किंमत, ७२० मिलिलिटरची. म्हणजे तीस मिलिलिटरचा घोट २८५ रुपयांना. आमच्या हॉटेलात मी अकाउंटंट आहे, आणि बारमधला प्रत्येक घोट कुणाच्या तरी नावावर रजिस्टरात चढवावा लागतो.

बार सांभाळायचे काकासाहेब. फुलंब्रीहून बशा विसळायला आले आणि जिभेच्या जोरावर काउंटरपर्यंत पोचले. शेंद्र्याच्या कारखान्यात जपानी इंजिनिअर येऊ लागले, तेव्हा मोरिता नावाच्या वयस्कर साहेबांनी त्यांना साके शिकवली. तांदळाची दारू, थंडीत करायची, उन्हाळाभर गारव्यात मुरवायची, पानगळीत फोडायची. काकासाहेबांना त्यातली कोरडी आवडे. "गोडी दारापर्यंत येती नि आत न येता माघारी जाती," असं ते डोळे मिटून सांगत. त्या वर्षीची चव कशी उतरली, हे मोरितासाहेबांच्या टेबलाशी उभं राहून सांगायचा मान त्यांचा.

२०२१च्या करोनात काकासाहेबांना वास येणं बंद झालं, ते परत आलं नाही. हे फक्त मला माहीत होतं. व्हिस्की, रम आठवणीवर निभावली. मोरितासाहेबही तेव्हा मायदेशी होते. यंदा ते परत आले. हंगामी साके दर वर्षी निराळी लागते, तिथं आठवण चालत नाही.

मॅनेजर शिवराज काकासाहेबांना म्हणाले होते, "मोरितासाहेबांचं रविवारचं जेवण होऊ द्या, मग तुमच्या कराराचं बघू." करार गेला की मेडिक्लेम जाणार, आणि काकासाहेबांच्या पत्नी पारूबाईंचं डायलिसिस त्याच मेडिक्लेमवर चालू होतं.

रविवारी सकाळी अकराला काकासाहेबांनी मला स्टोअरमध्ये नेलं. मुंबईहून कुरिअरनं आलेली बाटली फोडली.

"नाना, एका घोटापुरती तुमची जीभ द्या."

"मी जन्मात शिवलो नाही दारूला."

"म्हणून तर! कोरी हाय. घोट माझ्या नावावर टाका."

मी प्यायलो.

"काय लागतंय?"

"गार."

"गार मला बी कळतंय. नाकाला काय?"

"तांदूळ धुतल्याचं पाणी. मग भाजलेल्या शेंगांची टरफलं."

"गोड?"

"होतं. गिळायच्या आत संपलं. जीभ कोरडी पडली." खरं सांगायचं तर मला आवडलं होतं.

"व्हय! तीच ती." त्यांनी बाटलीला बूच लावलं. "खटकलं काही?"

"नाही."

खटकलं होतं. मागून कांद्याचा वास येत होता. पण शेजारी कांद्याची बारा पोती होती, आणि मी वैजापूरच्या कांदा आडत्याचा मुलगा. तो वास मला लहानपणापासून कुठंही येतो. सात हजारांच्या बाटलीला कांदा म्हणणं मला शोभेना.

दुपारी काकासाहेबांनी टेबलाशी उभं राहून शेंगांच्या टरफलांचं वर्णन केलं. मोरितासाहेब पेल्याला ओठ लावून हसले, मान झुकवली आणि पेला खाली ठेवला. त्यांच्यासह टेबलावरच्या चौघांचेही पेले भरलेलेच राहिले. जपान्यांकडे वाईट म्हणत नाहीत. भरलेला पेला ठेवून देतात. काकासाहेबांना ते ठाऊक होतं.

ते मला घेऊन थेट स्टोअरमध्ये आले. "नाना, खरं सांगा. अजून कसला वास होता?"

"कांद्याचा. मला वाटलं पोत्यांचा."

ते पोत्यावरच बसले. "वाटेत तापलेल्या साकेला कांद्याचाच वास मारतो. पहिल्या दिवशी शिकवलं होतं साहेबांनी. तुम्ही एक शब्द बोलला असता..."

"दुसरी बाटली आहे ना फ्रीजमध्ये?"

"हाय की. चांगली बी असंल. पण ती आता काय सांगून देऊ? पहिली नासली ते मला कळलं नाय, असं?"

त्यांनी पोत्यातला एक कांदा काढला, मुठीनं फोडला आणि नाकाला घट्ट दाबून धरला. पुन्हा पुन्हा श्वास ओढला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"डोळ्याला कळतंय," ते म्हणाले, "नाकाला नाय."

संध्याकाळी त्यांनी स्वतःच शिवराजना सगळं सांगितलं, माझं नाव सोडून. ३१ तारखेला करार संपला, नवा झाला नाही. पारूबाईंचा नंबर आता सरकारी दवाखान्याच्या यादीत आहे, बराच खाली.

त्या घोटाचे २८५ रुपये काकासाहेबांच्या नावावर अजून येणे आहेत.