सकाळच्या मोजण्या

"माणूस विसरतो, आकडा विसरत नाही." बाई हे वाक्य दिवसातून चारदा तरी म्हणायच्या. विद्यार्थ्याला म्हणायच्या, दूधवाल्याला म्हणायच्या, थोरल्या बहिणीने भाजीत मीठ किती टाकलं ते विचारलं तरी हेच.

बाईंचं काम संगणकांच्या जाळ्याचं. या यंत्रातून निघालेला निरोप त्या यंत्राला पोचायला किती वेळ लागतो, वाटेत कुठे खोळंबतो, हे त्या मोजत. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी एक लेख लिहिला. निरोपाचे तुकडे अमुक रीतीने पाठवले तर खोळंबा निम्म्याने घटतो, असं त्यात होतं. जगभरच्या संशोधकांनी तो आधाराला घेतला. कुणी आपल्या लेखात त्याचा दाखला दिला की पडद्यावरचा आकडा एकाने वाढे. एकवीसशे चौदा झाले होते. चहाआधी तो आकडा बघायचा, हा बाईंचा नेम. शेतकरी उठल्या उठल्या उभं पीक बघतो तसा.

महिन्याभरात त्या लेखासाठी बाईंचा सन्मान व्हायचा होता. जुन्या खोलीचा फोटो हवा होता, म्हणून त्यांनी तारवाल्या काकांना बोलावलं. प्रयोगाच्या तारा काकांनीच ओढल्या होत्या. काकांनी जुना फोटो आणला आणि त्यातल्या दोन यंत्रांवर बोट ठेवून ते हसले.

"ही डावीकडची शहाणी. उजवीकडची मात्र महामाया. तापायची नुसती. रोज सकाळी तुम्ही यायच्या आधी मी तिला बंद करून परत चालू करायचो."

"रोज?"

"रोज. तुम्हाला कशाला सांगायचं? तुम्ही आधीच आकड्यांत बुडालेल्या."

बाई हसल्या नाहीत. निरोप निघाल्याची वेळ डावं यंत्र लिहायचं, पोचल्याची उजवं. उजव्याचं घड्याळ मागे पडलं, तर निरोप आहे त्यापेक्षा लवकर पोचल्यासारखा दिसणार. आणि बंद करून चालू केलं की त्या यंत्राचं घड्याळ मागेच पडायचं, दुपारपर्यंत हळूहळू जागेवर यायचं. नव्या रीतीच्या सगळ्या मोजण्या बाईंनी सकाळी घेतल्या होत्या. तेव्हा इमारत शांत असे, म्हणून. जुन्या रीतीच्या दुपारी.

त्यांनी जुन्या वह्या काढल्या. दोन दिवस ओळीन् ओळ तपासली. एकदा चुकून नवी रीत दुपारी मोजली होती, ती ओळ त्यांना सापडली. खोळंबा जवळपास जुन्या रीतीइतकाच. तेव्हा ती ओळ त्यांनी 'गडबड' असं लिहून खोडली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी आकडा बघितला, एकवीसशे सोळा. आणखी दोघेजण कुजक्या फांदीवर चढून बसले होते, आणि ती फांदी बाईंनीच दाखवली होती. त्यातला एक लेख रुग्णालयाच्या यंत्रांचा होता. अत्यवस्थ रुग्णाच्या खाटेवरची धोक्याची सूचना परिचारिकेपर्यंत किती लवकर पोचेल, याचा हिशेब बाईंच्या रीतीवर मांडलेला.

"दोन घास खा," थोरली बहीण म्हणाली. "की तुझ्या तारेतून पोटात जातं?"

"ताई, माझं चुकलंय."

"मग सांग चुकलं म्हणून."

"बावीस वर्षं झाली गं. लोक तोंडात शेण घालतील."

"घालतील," ताई ताट पुढे सरकवत म्हणाली. "न सांगता जगशील, तर रोज तूच घालून घेशील."

दुसऱ्या दिवशी काका दारात उभे राहिले. चेहरा उतरलेला. बाई जुन्या वह्या काढून बसल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते.

"बाई, माझ्यामुळे झालं का? माझं नाव येईल त्यात?"

"तुम्ही यंत्र जपलंत, काका. विचारायचं काम माझं होतं. नाव माझंच येईल."



बाई मेजाशी बसल्या. लेख मागे घ्यावा, असं पत्र त्यांनी मासिकाच्या संपादकांना लिहिलं. सकाळ, दुपार, घड्याळ, खोडलेली ओळ, काही लपवलं नाही. रुग्णालयाचा लेख लिहिणाऱ्याला वेगळं पत्र लिहिलं. पाठवायच्या खुणेवर बोट गेलं आणि तिथंच थिजलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पाच मिनिटं पुढे गेला. मग बोट खाली आलं.

आता विभागप्रमुखांना सांगायचं राहिलं होतं. बाहेरून कळण्याआधी. त्यांची खोली लांबलचक व्हरांड्याच्या पार टोकाला.

बाईंनी वह्या छातीशी धरल्या आणि त्या निघाल्या. एक हात भिंतीला टेकलेला. काका शिडीवर चढून छतातली तार बदलत होते. हातातला पेचकस तसाच धरून ते बघत राहिले, बाई शेवटच्या दारापाशी थांबल्या, पदर सारखा केला आणि आत गेल्या तोवर.