धाकट्या आजीच्या कपाळावरचे दोन ठिपके

दिवाळीच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "धाकट्या आजीच्या कपाळावर दोन ठिपके कसे?" ती शेजारीच बसली होती. तोंडावर पदर धरून ती हसत सुटली आणि मी घाईघाईने अनारशांचा विषय काढला. आता लिहून सांगते. कॉलवर तुमचा आवाज मध्येच तुटतो, आणि ही हकीकत अर्धवट ऐकलीत तर सगळा दोष तिच्यावर जाईल. तो बराचसा माझा आहे.

धाकटी आजी म्हणजे माझी धाकटी जाऊ, तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको. ती धुळ्याला राहते, मी जळगावला. तिचं माहेर नरडाण्याच्या स्टेशनापासून आत एका खेड्यात. ती माझ्याशी अहिराणी बोलते, मी तिच्याशी शाळेतली मराठी बोलते, आणि चाळीस वर्षांत दोघींपैकी एकीनेही माघार घेतलेली नाही.

तिच्या कपाळावर दोन भुवयांच्या वर एक हिरवा ठिपका होता. गोंदलेला. ती सात-आठ वर्षांची असताना तिच्या आईने तिला गोंदणारणीपुढे बसवलं होतं. सुई लागताच हिने मान झटकली, म्हणून ठिपका मधोमध न पडता जरा डावीकडे पडला. पुढे दोनच वर्षांत आई गेली. आईचा फोटो नाही. त्या काळी त्या घरात फोटो कोण काढणार? तेव्हा आईची म्हणून जी काही वस्तू तिच्याकडे उरली, ती हीच.

या ठिपक्याचा आणखी एक प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. माझे धाकटे दीर, म्हणजे तिचा नवरा, गेले त्या दिवशी बायकांनी रीतीप्रमाणे तिचं कुंकू पुसलं. भावकीतली एक म्हातारी ओल्या पदराने तिचं कपाळ पुन्हा पुन्हा घासत होती. कुंकू गेलं, ठिपका काही जाईना. शेवटी जाऊ मोठ्याने म्हणाली, "ते निंघत नही. मन्ही मायनं शे ते." पाण्याचा तांब्या माझ्याच हातात होता. म्हातारीने पदर खाली टाकला. त्यानंतर जावेने कधी टिकली लावली नाही, पण माझं कपाळ रिकामं नाही, असं ती कोणालाही ठणकावून सांगत असे.

हे सगळं मला ठाऊक होतं. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

गेल्या पौषात ती माझ्याकडे आली होती. आरशासमोर केस विंचरताना गालावर बोट फिरवून म्हणाली, "अक्का, हाई वांग जाईन का वं?" तिच्या दोन्ही गालांवर वांगाचे तपकिरी डाग होते, शेतात उन्हात घालवलेल्या वर्षांचे. वैशाखात तिच्या नातीचं लग्न होतं. प्रश्न तिने सहज विचारला होता. एखादी शहाणी बाई "जाईल की" म्हणून चहा टाकती. मी वही काढली. मला कोणी प्रश्न विचारला की त्याची फाइल होते, हे तुमच्या वडिलांना विचारा.

आठ दिवसांत मी चौकशी केली आणि जळगावातला एक दवाखाना ठरवला. लेझरने डाग फिकट होतात, पाच-सहा वेळा यावं लागतं, मध्ये तीन-चार आठवडे जाऊ द्यावे लागतात, आणि उन्हात अजिबात जायचं नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. डॉक्टर साठीचे, टक्कल पडलेले, थेट आमच्या थोरल्या दिरांसारखे दिसणारे. ते आत आले आणि जावेने पदर भुवयांपर्यंत ओढला. मोठ्या माणसासमोर डोकं झाकायची तिची सवय. मी म्हटलं, "अगं, ते डॉक्टर आहेत." तिने पदर आणखी एक बोट खाली घेतला. डॉक्टरांनी जेवढे दिसले तेवढे गाल तपासले.

मग फॉर्म आला. चार पानी, इंग्रजीत. आमच्या घरात फॉर्म भरायचं काम माझं. मी इंग्रजी शाळेत शिकले म्हणून रेशनकार्डापासून पासपोर्टापर्यंत सगळ्यांचे फॉर्म मीच भरत आले आहे, आणि त्याचा मला गर्व आहे. होता. बीपी, शुगर, औषधांची ॲलर्जी, सगळं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. तिसऱ्या पानावर प्रश्न होता की उपचाराच्या जागी टॅटू आहे का. मी "नाही" वर खूण केली. क्षणभरही विचार केला नाही. माझ्या डोळ्यांसमोर मोटारसायकलवर फिरणाऱ्यांच्या दंडावरचे विंचू आणि गरुड आले. साठीतल्या माझ्या जावेच्या अंगावर विंचू कुठून असणार?

दवाखान्यातल्या मुलीने तिच्या तोंडाला बधिर करायचं मलम लावलं, पाऊण तास बसवलं, मग डोक्याला टोपी घालून डोळ्यांवर झाकणासारखा काळा चष्मा बसवला. मला कोपऱ्यात खुर्ची दिली. नंतर घ्यायच्या काळजीचं पत्रक माझ्या हातात होतं. त्यात शुद्धलेखनाच्या इतक्या चुका होत्या की मी पेन काढून त्या दुरुस्त करत बसले. मशीन टकटक वाजत होतं. केस जळल्यासारखा वास येत होता.

"कसं वाटतंय मावशी?" मुलीने विचारलं.

"रबर ताणीसन मारतस ना, तसं," जाऊ म्हणाली. "मन्हा भाऊ मारे लहानपने."

मुलगी हसली. मग मला म्हणाली, "मॅडम, कपाळावर पण एक हिरवट डाग आहे. तो घेऊ ना?"

मी पत्रकावरून नजर न उचलता म्हणाले, "हो हो, घ्या. काही सोडू नका."

हे वाक्य मी माझ्या तोंडाने बोलले. त्या वेळी मी "सूर्यप्रकाश" मधला ऱ्हस्व उकार दीर्घ करत होते.

टक, टक, टक. आणि जाऊ किंचाळली. "अक्का! कपायवर काय करी ऱ्हायनी हाई पोर?"

मी उठून पाहिलं. जिथे ठिपका होता तिथे पांढरा फेस आल्यासारखा डाग दिसत होता. मुलीने मशीन बंद केलं. जावेने चष्मा काढून फेकला, भिंतीवरच्या आरशाकडे गेली आणि तिथेच उभी राहिली. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिने टोपी काढली, पदर डोक्यावर घेतला, आणि माझ्याकडे न बघता बाहेर जाऊन बाकड्यावर बसली.

मी डॉक्टरांच्या खोलीत शिरले. मी चांगलीच तापले होते.

"तुमच्या इथल्या मुलीला गोंदण आणि डाग यातला फरक कळत नाही का?"

त्यांनी शांतपणे तिसरं पान काढलं. "हा फॉर्म कोणी भरला?"

"मी."

"इथे 'नाही' लिहिलंय."

"गोंदण म्हणजे काय टॅटू असतो का?"

"मशीनला दोन्ही सारखेच, मॅडम. आत शाई आहे की नाही, एवढंच."

त्यांचं बरोबर होतं. त्याचाच मला जास्त राग आला. मी विचारलं, आता काय? ते म्हणाले, ठिपका लगेच जात नाही. लेझरने आतला रंग फुटतो आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांत शरीरच तो हळूहळू उचलून नेतं. कितपत जाईल ते आत्ता सांगता येणार नाही. वर म्हणाले, "पाहिजे तर पुढच्या खेपेला उरलेला पूर्ण काढून देऊ. अर्धवट वाईट दिसेल." मी पर्स उचलली आणि बाहेर पडले.

म्हणजे आता त्या बाईने दीड-दोन महिने रोज आरशात बघायचं आणि आई थोडीथोडी जाताना पाहायची. ओल्या पदराने जे पुसलं गेलं नाही, ते पुसण्याची व्यवस्था मी वेळ ठरवून, रिक्षा करून केली होती.

ती दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या एसटीने धुळ्याला गेली. वाटेतल्या पारोळ्यापर्यंत माझ्याशी बोलायचं नाही असं तिने ठरवलं होतं म्हणे, आणि पारोळ्याला गाडी थांबल्यावर तिने फोन केला, "जेवण करी ल्या." एवढंच.

मी तिला बजावलं होतं की उन्हात जायचं नाही, दर तीन तासांनी मलम लावायचं आणि दर रविवारी कपाळाचा फोटो पाठवायचा. मला तारखेवार नोंद ठेवायची होती. पहिल्या रविवारी छताच्या पंख्याचा फोटो आला. दुसऱ्या रविवारी तिच्या अंगठ्याचा. तिसऱ्या रविवारी मी फोनच केला.

"आहे का?"

"शे. पन बारीक व्हई गयं."

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग एका रविवारी फोन उचलायला तिला वेळ लागला. धापा टाकत होती.

"कुठे होतीस?"

"गच्चीवर. बिबडं टाकी ऱ्हायनू."

ज्वारीचे बिबडे, म्हणजे आपले वाळवणाचे पापड. फाल्गुनात, धुळ्याच्या गच्चीवर, लेझर झालेला चेहरा घेऊन. मी ओरडलेच. "तुला ऊन वर्ज्य सांगितलं होतं ना?"

"सकायनं ऊन काय ऊन ऱ्हास का? आनि नातना लगीनले बिबडं कोन करी? तुम्ही?"

मला बिबडे येत नाहीत.

व्हायचं तेच झालं. पंधरा दिवसांनी मी धुळ्याला गेले तेव्हा गालावरचं वांग परत होतं तसं झालेलं आणि कपाळावर, जिथे लेझर लागलं होतं तिथे, रुपयाएवढा काळा चट्टा. ठिपका कुठेच दिसेना. मी चष्मा पुसून पाहिलं, खिडकीशी नेऊन पाहिलं.

"आते काय देखतस," ती म्हणाली. "गयं ते."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज बसलेला ऐकला. तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं; मग मलाही चार शब्द बोलता आले असते. ती स्वयंपाकघरात गेली आणि माझ्यासाठी कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी टाकू लागली.

तेव्हाच मी ठरवलं की ठिपका पुन्हा काढायचा. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, त्वचा अजून शांत झालेली नाही, चट्टा पूर्ण जाईपर्यंत सहा-आठ महिने थांबा. बरोबर सल्ला होता. पण लग्न वैशाखात, आणि त्या बाईने नातीच्या लग्नात रिकाम्या कपाळाने उभं राहायचं का?

चैत्रातल्या यात्रेला आम्ही तिच्या माहेरी गेलो. तिथे छत्रीखाली एक गोंदणारीण बसते. आता तिच्याकडेही बॅटरीचं मशीन आहे. मी स्पिरिट, कापूस आणि पाकीट न फोडलेल्या नव्या सुया बरोबर नेल्या होत्या. ती बाई माझ्याकडे बघून जावेला म्हणाली, "हाई नर्स शे का तुन्ही?"

"जेठानी शे," जाऊ म्हणाली. "नर्सनी बी वरनी."

मग मी तिसरी चूक केली. गोंदणारीण अंदाजाने ठिपका टाकणार होती. मी म्हटलं थांबा, आणि पर्समधून पट्टी काढली. दोन भुवयांमधलं अंतर मोजलं, अर्धं केलं, पेनने बारीक खूण केली. एकदम मधोमध. मला समाधान वाटलं की पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी वाकडं पडलेलं या वेळी तरी सरळ होईल. जावेने या खेपेला मान जराही हलवली नाही. डोळे मिटून बसली होती. मी तिचा हात धरला होता. तिने तो सोडवून घेतला नाही.

लग्न झालं. फोटो चांगले आले, नवा ठिपका काळाभोर दिसतो. पावसाळा गेला. ढगाळ दिवसांत ती आपोआप सावलीत राहिली, आणि तो काळा चट्टा हळूहळू उतरत गेला. नवरात्राच्या सुमारास एका दुपारी तिचा फोन आला. फोटो नाही, फोन.

"अक्का, माय परत उनी."

मला काही कळेना. मी दुसऱ्या दिवशी धुळे गाठलं. चट्टा गेला होता आणि त्याच्याखालून, जरा डावीकडे, फिकट हिरवा, तिळाएवढा जुना ठिपका वर आला होता. गेलाच नव्हता तो. उन्हाने आलेल्या काळ्या डागाखाली झाकला होता. डॉक्टरांनी थांबा म्हटलं होतं ते याचसाठी. आणि त्याच्या शेजारी, पट्टीने मोजून टाकलेला माझा.

मी कपाळाला हात लावला. "आता दोन-दोन दिसतात. लोक काय म्हणतील? नवा काढून टाकायला पुन्हा लेझर..."

"लेझरनं नाव ल्यानं नही!" ती एवढ्या जोरात म्हणाली की शेजारीण डोकावली. मग आरशात बघत, दोन्ही ठिपक्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "जुनं मायनं, नवं तुम्हनं. ऱ्हाऊ द्या."

मी खुर्चीत बसले. म्हातारीच्या हातातला तो ओला पदर मला आठवला, आणि पाण्याचा तांब्या.

"वांग तरी कमी करू," मी म्हणाले. "डॉक्टरांनी दिलेलं उन्हाचं मलम रोज लावतेस ना?"

"लावस ना."

"मग गालावर फरक का नाही?"

"गालवर कसाले? पायले लावस मी. भेगा बठ्ठ्या गयात."

आणि तिने साडी वर करून मला टाचा दाखवल्या. मऊ, गुळगुळीत, एकही भेग नाही. मी वही काढून ते लिहून घेतलं.