इथली भरती, इथलीच रजा

अभ्यासाच्या रजेवर माणसाचा केवढा हक्क असतो, हे मला ज्या गृहस्थांनी शिकवलं, त्यांनीच माझी अभ्यासाची रजा नाकारली. शिक्षक म्हणून मात्र ते फार चांगले होते.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर होते आणि हे गृहस्थ आमचे कन्सल्टंट, म्हणजे सर्वेसर्वा. तरुणपणी ते पूर्व आफ्रिकेतल्या एका ब्रिटिश वसाहतीत सरकारी डॉक्टर होते. वसाहत कधीच गेली होती, पण साहेब काही तिथून परतले नव्हते. दोन ऑपरेशनांच्या मध्ये थिएटरच्या कॉफीरूममध्ये पाय लांब करून बसले की त्यांचा विषय ठरलेला. सिंह नाही, हत्ती नाही, मलेरिया तर नाहीच. रजा.

दोन-अडीच वर्षं काम केलं की म्हणे एक ‘टूर’ पुरी व्हायची. टूर संपली की भरपगारी रजा, सहा महिन्यांच्या घरात. बोटीचं जाण्यायेण्याचं भाडं सरकारचं, मडमेचंसुद्धा. त्या रजेत एखादा डिप्लोमा करायची इच्छा झाली तर रजा आणखी वाढवून मिळे, कारण साहेब शिकला तर वसाहतीचंच भलं. वसाहतीला हे कुणी विचारलं नव्हतं, पण पैसे तिच्याच तिजोरीतून जात होते. आणि एवढी रजा कशासाठी, तर उष्ण हवेत गोऱ्या माणसाचं रक्त पातळ होतं. त्याच हवेत जन्मून त्याच हवेत मरणाऱ्या लोकांच्या रक्ताचं काय होत होतं, असं मी एकदा विचारलं. साहेबांनी त्यावर प्रामाणिकपणे विचार केला.

“त्यांना सवय असते,” ते म्हणाले.

तिथल्या कारकुनांना आणि कंपाउंडरांना रजा मिळायची, नाही असं नाही. पण थोडी. भरती तिथली, घर तिथलं, मग लांबलचक रजा घेऊन ते जाणार तरी कुठे, असा सरळ हिशेब होता. मला हा हिशेब घरचाच होता. माझे आजोबा साताऱ्याला कलेक्टर कचेरीत कारकून होते. त्यांचा साहेब फर्लोची लांब रजा घेऊन विलायतेला गेला की काम तुंबायचं आणि आजोबांची चार दिवसांची रजा रद्द व्हायची. फर्लो हा शब्द आपल्याकडे आता तुरुंगातल्या कैद्यांसाठी वापरतात. शब्द उशिरा का होईना, योग्य ठिकाणी पोचला म्हणायचा.

साहेबांच्या गोष्टींमध्ये एक गोष्ट वरचेवर यायची. वसाहतीतल्या साहेबलोकांची मुलं विलायतेत बोर्डिंगच्या शाळेत असत. एका रजेला हे साउदॅम्प्टनला बोटीतून उतरले, तेव्हा यांचा आठ वर्षांचा मुलगा धक्क्यावर उभा होता. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, “हाउ डू यू डू, सर?” साहेब हे मोठ्या अभिमानाने सांगत. म्हणत, शाळा उत्तम होती. आम्ही सगळे हसायचो, मीही हसायचे.

मला या रजेच्या पुराणात एवढा रस असण्याचं कारण चार वर्षांचं होतं आणि मिरजेला माझ्या आईकडे राहत होतं.

आमच्या डॉक्टर जोडप्यांमध्ये तेव्हा तशी रीतच होती. दोघांच्याही नाइट ड्यूट्या, सहा-सहा महिन्यांच्या नोकऱ्या, दर वेळी नवं गाव. मूल वर्षाचं झालं की आजीकडे पोचवायचं, परीक्षा आटोपल्या की परत आणायचं. याला कुणी वाईट म्हणत नसे, कारण म्हणणाऱ्याचंही मूल तिकडेच असे. कुणाच्या घरी जेवायला जमलो की बायका पर्समधून मुलांचे फोटो काढायच्या आणि फोटोतले कपडे मुलांना एव्हाना तोकडे झालेले असायचे. माझा नवरा लंडनच्या कडेला इल्फर्डजवळच्या हॉस्पिटलात होता, मी नॉटिंगहॅमला. मी फेलोशिपची परीक्षा पास झाले की टिकाऊ नोकरी, नोकरी की घर, घर की मुलगा, असं आमचं ठरलं होतं. म्हणून अभ्यासाची रजा माझ्या लेखी पुस्तकांसाठी नव्हतीच, मुलासाठी होती.

परीक्षेच्या आधी लंडनला एक कोर्स असायचा. तो केल्याशिवाय आमच्यासारख्यांचं पास होणं कठीण. मी अर्ज घेऊन हॉस्पिटलच्या पर्सोनेल ऑफिसातल्या बाईंकडे गेले. “बघते काय करता येतं ते, डक,” त्या म्हणाल्या. नॉटिंगहॅममध्ये लाडाने सगळ्यांनाच बदक म्हणतात. मी पुन्हा गेले, पुन्हा बदक झाले, आणि शेवटी कळलं की सही साहेबांची लागते.

साहेबांनी अर्ज वाचला. “तुमची जागा ट्रेनिंगची नाही, कामाची आहे. तुम्ही गेलात तर ड्यूट्यांचा रोटा कोण सांभाळणार?”

“सर, वसाहतीत तुम्ही रजेवर गेलात की कोण सांभाळायचं?”

“तिथली माणसं होती ना.”

“मग मीही टूरवर आहे असं समजा. परका मुलूख आहे, हवा वाईट आहे. या थंडीत माझं रक्त घट्ट होत चाललंय.”

ते मनापासून हसले. “पण माय डिअर, तुमची भरती इथली. तुम्ही घरीच आहात.”

माझ्या बरोबरीच्या गोऱ्या रजिस्ट्रार डॉक्टरला त्याच सुमारास कॉन्फरन्ससाठी रजा मिळाली. कॉन्फरन्स बर्फाच्या डोंगरावर होती आणि तो घोट्याला प्लास्टर घालून परत आला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे इंग्रजीत कसं म्हणतात मला माहीत नाही, पण करतात अगदी आपल्यासारखंच.

हक्काची वार्षिक रजा मी मिरजेसाठी राखून ठेवली होती. ती कोर्सला लावली. शेजाऱ्यांच्या फोनवर आईला बोलावून सांगितलं की यंदा यायचं जमत नाही. आई म्हणाली, “असू दे गं. आता तो विचारत नाही तुझं.” तिने मला धीर यावा म्हणून सांगितलं होतं.

नवऱ्याच्या क्वार्टरमधल्या एका खोलीत मी अभ्यास केला. तो ड्यूटीवरून आला की पिठलं-भात खायचा आणि म्हणायचा, “फक्त या वेळी काढ, प्लीज. देन वी आर डन.” मी पास झाले.

साहेबांना खरोखर आनंद झाला. “बघा, रजेवाचून काही अडलं नाही,” ते म्हणाले. मग कॉफी ढवळत विचारलं, “आता पुढे काय?”

“मुलाला आणायचंय.”

“मुलगा आहे तुम्हाला? कुठे असतो?”

दोन वर्षं मी त्यांच्या शेजारी उभी राहून पेशंट झोपवत होते. मी सांगितलं कुठे असतो, कुणाकडे असतो, कधीपासून असतो. साहेब बराच वेळ कॉफी ढवळत राहिले, आणि ते साखर घेत नसत.

“जेवढी मिळेल तेवढी रजा घ्या,” ते शेवटी म्हणाले. “रोट्याचं मी बघतो.”

आणि खरंच बघितलं. साठी ओलांडलेल्या या माणसाने माझ्या नाइट ड्यूट्या स्वतः केल्या, हे मला परत आल्यावर नर्सेसनी सांगितलं. त्यामुळे त्यांना मोकळेपणाने शिव्या घालण्याची माझी कायमची पंचाईत झाली. याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

मिरजेला रिक्षातून उतरले तेव्हा मुलगा दारातच उभा होता. तो पुढे आला, वाकून नमस्कार केला, आत गेला आणि तांब्या-भांडं घेऊन आला. शेजारणी म्हणाल्या, “आजीने काय छान वळण लावलंय.” मी हो म्हटलं. साउदॅम्प्टनच्या धक्क्यावर साहेबांना काय झालं असेल, ते मला तिथे पाणी पिताना कळलं. मला तो ‘इंग्लंडची आई’ म्हणत होता. माझ्याशी आदराने वागत होता, आणि ओठांवर दुधाची मिशी तशीच ठेवून आजीच्या पदराला तोंड पुसत होता. त्या घरात माझ्याबद्दल तीन वर्षं एकच बोलणं व्हायचं: तिला रजा मिळाली की ती येईल, रजा संपली की तिला जावं लागेल.

निघताना तो रडला नाही. रडली ती माझी आई, तीसुद्धा स्वयंपाकघरात जाऊन.

नॉटिंगहॅममध्ये तो फार शहाण्यासारखा राहिला. लोकरीची टोपी घरातसुद्धा घातली, नर्सरीत गेला, पानात वाढलेलं सगळं संपवलं. स्वतःचे कपडे रोज घडी करून बॅगेत ठेवायचा. कपाटात ठेव म्हटलं तर मान डोलवायचा आणि पुन्हा बॅगेतच ठेवायचा. शनिवार-रविवारी इल्फर्डहून येणारा नवरा कौतुकाने म्हणाला, “ही हॅज सेटल्ड सो वेल.”

एका शनिवारी आम्ही तिघं नाश्त्याला बसलो होतो. टोस्टच्या कडा बाजूला काढत त्याने मला विचारलं, “तुझी रजा संपली म्हणून आपण इकडे आलो ना?”

“हो.”

“मग माझी कधी संपते? आजी वाट बघत असेल.”

नवऱ्याने टोस्ट खाली ठेवला. फेलोशिप झालेली, टिकाऊ नोकरीतली, इथल्या भरतीची मी, त्याच्या टोपीची नाडी उगाच नीट करत राहिले.

“बघते हं,” मी म्हटलं, “काय करता येतं ते.”