बिनचिठ्ठीचे डबे

आमचे मिस्त्री गाडी आधी हुंगायचे. बॉनेट उघडून नाक आत घालायचे, चारही चाकांशी वाकायचे आणि मगच "बोला ताई" म्हणायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चाटच पडले. बाजारात आपण खरबूज हुंगतो, तशी हा माणूस माझी गाडी हुंगत होता. पण निदान कधी चुकायचं नाही. एकदा म्हणाले, क्लच जळून राहिला, तुम्ही पाय त्यावरच ठेवता. मी कॉलेजात शिकवणारी बाई, ऐकून घेते थोडीच! साफ नाकारलं. घरी जाताना खाली पाहिलं, तर पाय क्लचवरच होता.

अमरावतीत बडनेरा रोडच्या एका गल्लीत त्यांची पत्र्याची शेड होती. आत फळीवर एकाच मापाचे डबे, आणि एकावरही चिठ्ठी नाही. इंजिनचं, गिअरचं, ब्रेकचं ऑइल कशात आहे हे त्यांनाच ठाऊक. झाकण उघडायचं, हुंगायचं, ओतायचं. मी एकदा चिठ्ठ्या लिहून देते म्हटलं तर हसले. "चिठ्ठी कोनीबी लिहिते ताई, वास कोनाले लिहिता येत नाही." हे वाक्य मी स्टाफरूममध्ये कौतुकाने कितीदा ऐकवलं असेल. त्यामागे काय होतं ते मला अकरा वर्षं कळलं नाही.

दोन वर्षांमागची गोष्ट. अकोल्याला माहेरी भाऊबीज करून दुसऱ्या सकाळी मी एकटीच परत निघाले, आणि अर्ध्या वाटेत गाडी जड झाली. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की जागीच थबकायची. बडनेऱ्याला आले तोवर पुढच्या चाकांतून धूर निघत होता. तशीच शेडवर नेली. जळका वास असा उग्र की शेजारचा पानठेलेवाला नाकाला रुमाल लावून बाहेर आला. मिस्त्री चाकाशी वाकले, उठले आणि मला हळूच विचारलं,

"ताई, वास येऊन राहिला का?"

मला वाटलं थट्टा करताहेत. मग त्यांचा चेहरा पाहिला. त्या धुरात उभ्या माणसाला काहीच कळत नव्हतं.

तरी हात कामाला लागले. जॅक लावून चाक फिरवलं, हलेना. चाकामागचा, ब्रेकचं ऑइल सोडायचा निपल पान्याने सैल केला तशी ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं फिरू लागलं. पाय काढल्यावरही दाब आतच अडकत होता तर. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं, त्यातलं रबर टम्म फुगलेलं. त्यांनी ग्लासभर पाणी घेऊन डबीतला थेंब त्यात सोडला. ब्रेकचं ऑइल पाण्यात मिसळतं, म्हणाले. हा थेंब वर तरंगत राहिला. ब्रेकमध्ये इंजिनचं ऑइल गेलं होतं, आणि त्याने आतली सगळी रबरं फुगवली होती.

कोणी टाकलं हे, म्हणून मी तावातावाने विचारलं. दिवाळीआधी ब्रेक ऑइल कोणाकडून भरून घेतलं होतं, हे रागात माझ्या लक्षातच नव्हतं.

"म्या," ते म्हणाले.

आदल्या साली ते तापाने पडले होते, तेव्हापासून वास येतच नव्हता. मिस्त्रीचं नाक गेलं हे कोणत्या तोंडाने सांगायचं, म्हणून फळीवरच्या जागा पाठ करून काम चालवलं. दिवाळीच्या झाडझुडीत त्यांच्या बायकोने डबे पुसले आणि तिच्या हिशेबाने मांडले. मी तिच्याबद्दल काही बोलणार, तोच म्हणाले, "तिचं काही नाही. हुंगाचं काम माहं होतं." मग निदान चिठ्ठ्या तरी का नाही लावल्या, मी जवळजवळ ओरडले. ते ग्लासातल्या थेंबाकडे पाहत होते. "लावल्या असत्या ताई. वाचल्या कोनं असत्या?"

अकरा वर्षं या माणसाकडे येत होते, शिकवणं हा माझा धंदा, आणि याला अक्षर येत नाही हे मला कळू नये!

त्या डब्यातलं ऑइल आणखी दोन गाड्यांत गेलं होतं. वही नसली तरी कोणाच्या, हे त्यांना तोंडपाठ होतं. पहिल्याला फोन लागला. गाडी दारातच उभी होती. दुसरा लागेना, म्हणून आम्ही दोघं ऑटोने त्याच्या घरी गेलो. मालकाचे वडील म्हणाले, मुलगा-सून तिन्ही लेकरांना घेऊन घाटापलीकडे सेमाडोहला गेलेत, संध्याकाळी येतील. तिथे ज्यांच्याकडे जेवणार होते त्यांना फोन लावला. गाडी नुकतीच निघाली होती. म्हणजे आता घाटात. तापलेला ब्रेक उतारावर लागेनासा होतो, हे मिस्त्रींनी मला सांगितलं. म्हाताऱ्याला सांगायची दोघांचीही छाती झाली नाही. मिस्त्री फाटकाच्या पायरीवर बसले. पाणी आलं, त्याला हात लावला नाही. मी इतकी कधीच घाबरले नव्हते.

उन्हं कलताना गाडी आली, कण्हत, चाकांतून धूर सोडत. गाडी ओढेना, म्हणून त्या बापाने सबंध घाट पहिल्या गिअरमध्ये, थांबत थांबत उतरवला होता. मिस्त्री चाकांकडे गेलेच नाहीत. मागचं दार उघडून त्यांनी उतरणारी पोरं बोटाने मोजली. तीन. मग बापासमोर उभे राहिले. "भाऊ, हे म्या केलं." तो काय काय बोलला ते इथे लिहवत नाही. मिस्त्रींनी मान खाली घालून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं.

आठ दिवस खपून त्यांनी तिन्ही गाड्यांची रबरं बदलली, पाइप धुऊन काढले, आणि शेडला कुलूप लावलं. मी अक्षरं शिकवते म्हणून विनवलं, रागावले, रडलेसुद्धा. ते पातूरकडच्या आपल्या गावी निघाले होते. जाताना गाडीची किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, "ब्रेक चांगला लागते. पन दुसऱ्या मिस्त्रीले एकदा दाखवून घ्या ताई. माह्यावर नका राहू."

मी गाडी कोणालाही दाखवली नाही. उन्हाळ्यात माझ्या दोन्ही पोरांना घेऊन त्याच ब्रेकवर सेमाडोहचा घाट उतरले.