ताडी प्यायलेली मोटार

“अहो, आज हजर झाले नाही ना, तर नोकरी गेली! मग तुम्हालाच या बॉनेटात कोंडते!” बायको भर हायवेवर ओरडत होती. तलासरीच्या शाळेत बाई म्हणून तिचा पहिला दिवस, आणि माझी म्हातारी मोटार चारोटीच्या पुढे फटाके फोडत उभी. आवाज असा, की झाईच्या कोळ्यांनी भिऊन होड्या किनाऱ्याला लावल्या असतील. इंजिनात ठिणगी पडायचं टायमिंग चुकलंय, असं छातीठोक सांगून ते जुळवायला मी डिस्ट्रिब्युटर डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला. मोटारीने दर खेपेला माझ्या मिशीवर धूर सोडला. शेवटी मागच्या सीटवरून सासूबाई उतरल्या, पदर खोचून त्यांनी कार्बोरेटरला नाक लावलं आणि म्हणाल्या, “जावईबापू, गाडी प्यायलीय.” तेव्हा कुठे आठवलं, सकाळी पेट्रोल ज्या कॅनमधून ओतलं तो शेजाऱ्याचा ताडीचा होता. कार्बोरेटर उघडला, तर तळाशी आंबूस पाणी. ते सांडलं, टाकीचा तळ निथळला, पेट्रोल सोडणारं बारीक जेट फुंकून साफ केलं, टायमिंग खडूच्या जुन्या खुणेवर आणलं, आणि मोटार अशी उडाली की तलासरीपर्यंत चाकं रस्त्याला लागलीच नाहीत. घंटा वाजत असतानाच बायको शाळेत शिरली. त्याच पगारावर आमचं घर उभं राहिलं, म्हणून आजही ताडीचा वास आला की मी मनातल्या मनात सासूबाईंना नमस्कार करतो. त्या दिवशी परतताना मी त्यांना विचारलं होतं, “तुम्हाला गाड्यांतलं एवढं कसं कळतं?” “गाड्यांतलं नाही,” त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “तुमचे सासरे रोज संध्याकाळी याच वासाने घरी यायचे.”