हाकेला ओ

लंकाबाईचा नवरा मुका नव्हता. धरणाच्या काठावर जमणाऱ्या माणसांशी सोमाजी तासन्‌तास गप्पा हाणायचा. घरात शिरला की मात्र तोंडाला कुलूप. घोडेगावच्या वरच्या अंगाची त्यांची जमीन पाण्यात गेली, नांगर सुटला आणि हाती जाळं आलं, तेव्हापासूनचं हे. जमीन काय लंकाबाईनं बुडवली होती? पण राग काढायला माणसाला घरचंच माणूस सापडतं. तिनं "अवं" म्हणून हाक मारावी आणि त्यानं जाळ्याच्या गाठी सोडवत बसावं. हाकेला ओ द्यावी, एवढंच तिचं मागणं होतं. डिंगोरे तिचं माहेर. इथं आली की आम्हा शेजारणींना म्हणायची, मारलं असतं तर चार माणसांत सांगता तरी आलं असतं.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात पुण्याची आरती नावाची मुलगी तिथं धरणावर आपला पहिलाच सिनेमा काढायला आली. मासेमारांच्या वस्तीची आणि न पटणाऱ्या नवरा-बायकोची गोष्ट. तिनं हीच दोघं कामाला घेतली, नावंही तीच ठेवली. बायको काठावरून नावानं हाक मारते आणि नवरा उत्तर न देता होडी हाकत निघून जातो, असा प्रसंग होता. लंकाबाई अडून बसली. नवऱ्याचं नाव तिनं एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात. तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. आरतीनं पुष्कळ मिनतवाऱ्या केल्या. शेवटी लंकाबाई कंटाळून उठली आणि पाण्याकडे तोंड करून ओरडली, "सोमाजीऽ!"

"ओऽ," म्हणत सोमाजी वळला.

आरतीनं कपाळावर हात मारला. लंकाबाईला मात्र फार बरं वाटलं. आरतीनं सोमाजीला समजावलं, ओ द्यायची नाही. त्या परक्या पोरीचं त्यानं निमूट ऐकलं. मग ऊन उतरेपर्यंत ही हाका मारत राहिली आणि तो पाठ फिरवून वल्ही मारत राहिला.

घरी भाकरी वाढताना ती म्हणाली, "आज ओ दिलीसा. लई बरं वाटलं. आता बोला की जरा."

त्यानं ताट ओढलं. तिनं पुन्हा नाव घेतलं, हळू आवाजात. तो खाली मान घालून जेवत राहिला.

सकाळच्या एसटीनं ती माहेरी आली ती कायमची. भांडली नाही, रडली नाही. लई दमले, एवढंच म्हणाली आणि दिवसभर झोपून राहिली.

पुढं सिनेमाची सीडी आली. तिच्या भावाच्या टीव्हीवर आम्ही सगळ्या बघायला बसलो. आरतीनं शेवट गोड केला होता. बायको गाठोडं घेऊन नवऱ्याकडे परत जाते. तो भाग म्हणे सगळ्यात आधी काढून ठेवला होता.

भावजय पटकन बोलून गेली, सिनेमातली गेली की माघारी, मग वन्सं, तुमी का जात न्हाई?

लंकाबाई टीव्हीतल्या स्वतःकडे बघत होती.

"तिला ओ मिळाली आसंल," ती म्हणाली.